वारंवार बदली होणाऱ्या राजनैतिक कुटुंबात लहान मुले वाढवताना

आपल्या पत्नीची परराष्ट्र सेवेतील पहिली परदेशी नेमणूक तीन वर्षांसाठी झाली असून आपण नोकरी सोडून सोबत जात आहात. मुलगी चार वर्षांची आणि मुलगा दहा महिन्यांचा आहे. पुढेही दर तीन-चार वर्षांनी देश बदलत राहणार असेल तर ही मुले कोठेच रुजणार नाहीत, अशी भीती आपण व्यक्त केली आहे. शाळा कोणती निवडावी, भाषेचे काय करावे आणि मुलीला हे कधी सांगावे, असेही आपण विचारले आहे. परराष्ट्र सेवेतील कुटुंबांच्या मुलांसोबत मी दीर्घकाळ काम करीत आलो आहे आणि त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, लहान मुलांना सहसा देश बदलल्यामुळे इजा होत नाही. ती होते आयुष्यातली माणसे एकाएकी नाहीशी झाल्यामुळे, आणि त्याबद्दल घरात कोणीच काही बोलत नसल्यामुळे. नव्या देशात पोहोचण्याची तयारी कुटुंबे फार काटेकोरपणे करतात. जुन्या जागेतून निघण्याची तयारीही तितक्याच काटेकोरपणे करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आपली दोन्ही मुले एकाच विमानातून जाणार असली तरी त्यांचे स्थलांतर एकसारखे नसेल. साधारण सातव्या-आठव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मूल मोजक्या माणसांना घट्ट धरून असते आणि अनोळखी चेहऱ्यांना बिचकते. आपल्या बाळाच्या दृष्टीने नवा देश ही गोष्टच अस्तित्वात नाही. त्याच्या जगात आई, वडील, बहीण, झोपेची वेळ, अंगाई आणि पांघरुणाचा वास एवढेच आहे, आणि हे सगळे सोबत येत असेल तर त्याचे फारसे काही हरवत नाही. पण पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात आई कार्यालयात पूर्ण बुडाली, वडील घर आणि कागदपत्रे यांच्या मागे फिरू लागले आणि बाळ एका अपरिचित सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हाती गेले, तर त्याच्यासाठी सारे जग बदलते. म्हणून पहिला महिना तरी बाळाला खाऊ घालणे आणि झोपवणे ही दोन कामे आपल्यापैकी एकानेच करावीत, आणि नव्या व्यक्तीला आधी आपल्या उपस्थितीत त्याच्याशी खेळू द्यावे.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. चार वर्षांच्या मुलाला कार्यकारणाचा शोध असतो, पण त्या शोधाच्या केंद्रस्थानी ते स्वतःच असते. त्यामुळे ‘मी हट्ट केला म्हणून आपण घर सोडतोय’ असा निष्कर्ष ते अगदी सहज काढते आणि कोणालाही सांगत नाही. हे टाळण्यासाठी कारण स्पष्टपणे सांगावे: आईचे काम तिकडे आहे, हे मोठ्यांनी ठरवले आहे, आणि तुझ्या वागण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सांगण्याची योग्य वेळ निघण्यापूर्वी साधारण चार ते सहा आठवडे. त्याहून आधी सांगितले तर या वयाला तो काळ पेलत नाही आणि रोज ‘आज जायचं का?’ असे विचारणे सुरू होते. त्याहून उशीर केला तर फोनवरच्या बोलण्यातून आणि खोक्यांवरून तिला ते आधीच कळलेले असते, आणि ती बातमी लपवण्यासारखी असावी, असा अर्थ ती काढते. आधी जे बदलणार नाही ते सांगावे, मग जे सोबत येणार नाही ते, आणि दुसरा भाग गोड करून सांगू नये. ‘तिकडे खूप मित्र मिळतील’ हे आश्वासन आपल्या हातात नसते आणि ‘आपण लवकरच परत येऊ’ हे बहुधा खरे नसते. ती रडली तर तिला रडू द्यावे आणि जवळ बसावे.

सामानाविषयी थोडक्यात: जहाजाने पाठवलेले सामान पोहोचायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. मुलांच्या चादरी, नेहमीची दोन-चार पुस्तके आणि झोपताना लागणारे खेळणे विमानातील सामानात, आणि त्यांतील अगदी जिवाभावाची वस्तू हातातल्या पिशवीत असावी. प्रवासापूर्वी ती वस्तू धुऊ नये, कारण नव्या खोलीत तिचा वास हाच मुलाचा आधार असतो. घर आवरण्याच्या घाईत मुलीला न विचारता तिची खेळणी वाटून टाकू नयेत. आपल्याला मोडके वाटणारे खेळणे तिच्या दृष्टीने त्या घराचा शेवटचा पुरावा असू शकते.

आता ज्या विषयाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते त्याकडे वळतो. अनेक ठिकाणी राजनैतिक कुटुंबांच्या घरी मुलांना सांभाळायला पूर्णवेळ व्यक्ती असते. आई-वडील संध्याकाळच्या स्वागतसमारंभांना आणि अधिकृत भोजनांना गेले की मुलाला खाऊ घालणारी, झोपवणारी आणि रात्री दचकून उठल्यावर जवळ घेणारी तीच असते. तीन वर्षे हे चालते आणि एके दिवशी कुटुंब विमानात बसते. मोठ्यांच्या हिशेबी एका कर्मचाऱ्याचा करार संपलेला असतो. मुलाच्या हिशेबी एक पालक नाहीसा झालेला असतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास आई-वडिलांपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करून तीन टप्पे नोंदवले: आधी मूल आक्रोश करते, मग हताश होऊन गप्प होते, आणि शेवटी अलिप्त होते. यांतला तिसरा टप्पा फसवा आहे, कारण बाहेरून तो ‘मूल रुळले’ असाच दिसतो. ज्या मुलाने तीन वर्षे सांभाळलेल्या व्यक्तीचे नाव महिनाभरात एकदाही काढले नाही, ते मूल विसरले असे समजून पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. माझा अनुभव असा की पुष्कळदा त्याने केवळ विचारणे थांबवलेले असते, आणि पुढच्या देशातल्या नव्या व्यक्तीशी ते कामापुरतेच नाते ठेवते. तिसऱ्या-चौथ्या बदलीनंतर ही सवय मित्रांनाही लागू होते.

यावरचा उपाय फारसा अवघड नाही. आपल्या मुलीला आज कोणी सांभाळत असेल तर तिथूनच सुरुवात करावी. निरोप खरोखर घेतला जावा. मूल झोपलेले असताना किंवा शाळेत असताना त्या व्यक्तीने निघून जाऊ नये. दोघांचे एकत्र छायाचित्र काढून ते नव्या घरात मुलीच्या उंचीवर लावावे. त्या व्यक्तीची संमती असेल तर पहिले काही महिने ठरावीक दिवशी तिच्याशी फोनवर बोलणे व्हावे. मुख्य म्हणजे घरात तिचे नाव सहजपणे घेतले जावे, जेणेकरून तिच्याविषयी बोलायला मनाई नाही हे मुलाला कळेल. शाळेतील मैत्रीण, शेजारी, घरातले पाळीव जनावर यांच्या बाबतीतही हेच करावे. आणि नव्या देशात एक व्यक्ती मिळाली की, शक्य तोवर संपूर्ण नेमणुकीत ती बदलू नये. तिला नियमित सुट्टी, लेखी करार आणि वेळेवर वेतन मिळत असेल तर ती टिकते, त्यामुळे तिला न्यायाने वागवणे हे मुलाच्याही हिताचे ठरते.

भाषा आणि शाळा यांचा विचार एकत्रच करावा लागतो. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिलेला फरक येथे फार उपयोगी पडतो: नव्या भाषेत खेळणे, मागणे, भांडणे साधारण दोन वर्षांत जमते, पण त्या भाषेत विज्ञान समजून घेण्याइतकी आणि निबंध लिहिण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. हा काळ बदलीच्या चक्राशेजारी ठेवून पाहा. तीन वर्षे एका भाषेच्या शाळेत, पुढची तीन दुसऱ्या आणि मग तिसऱ्या भाषेच्या शाळेत, असे केले तर मूल तीन भाषांत गोड बोलेल, पण एकाही भाषेत सखोल शिकू शकणार नाही. म्हणून शाळेची भाषा एकदा ठरवावी आणि ती देशोदेशी टिकवावी. माझ्या मते शाळेच्या नावलौकिकापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचे आहे. अशा सातत्याची सोय जगात नव्याने झालेली नाही. जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच सुरू झाली, आणि त्याच शहरात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचा तीन ते बारा वर्षे वयोगटाचा कार्यक्रम आज अनेक राजधान्यांत मिळतो. फ्रेंच अभ्यासक्रमाच्या शाळांचेही असेच जागतिक जाळे आहे. मात्र आपली मुलगी चारच वर्षांची असल्याने पहिल्या नेमणुकीत थोडे स्वातंत्र्य घेता येईल: वर्षभर स्थानिक बालवाडीत घालून तिथली भाषा कानावर पडू द्यावी आणि वाचन-लेखन सुरू होण्याच्या सुमारास कायमच्या भाषेच्या शाळेत न्यावे. नव्या भाषेच्या वर्गात मूल पहिले काही आठवडे, क्वचित काही महिने, मुळीच बोलत नाही. ते या काळात ऐकत असते. त्याला बोलते करण्यासाठी दटावू नये.

घरची भाषा ही या साऱ्यात एकमेव न हलणारी जमीन आहे. शाळेच्या सूचनेवरून किंवा ‘मूल लवकर रुळेल’ म्हणून घरात शाळेची भाषा बोलू लागणे मला चुकीचे वाटते, कारण राग, भीती, आठवण यांविषयी मूल ज्या भाषेत बोलू शकते तीच आपण त्याच्याकडून काढून घेत असतो. आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे सुरू राहू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा (टीव्ही, मोबाइल) टाळण्याचा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला तासाभरापेक्षा अधिक नसावा असा सल्ला दिला आहे, पण समोरचे माणूस प्रतिसाद देत असते तेव्हा गोष्ट वेगळी असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अगदी लहान बाळांच्या बाबतीत व्हिडिओ कॉलला अपवाद मानते. प्रश्नोत्तरांत मुले लवकर कंटाळतात. त्यापेक्षा एकच पुस्तक दोन्हीकडे ठेवून आजीने ते वाचावे आणि मुलीने इकडे पाने उलटावीत.

बहुभाषक वातावरणामुळे मूल उशिरा बोलते, हा समज अजून डॉक्टरांतही आढळतो, आणि राजनैतिक कुटुंबांत त्याची किंमत मोठी असते. मुलाचा शब्दसंग्रह मोजताना सर्व भाषांतले शब्द एकत्र धरावेत. तरीही तो वयाच्या मानाने फार कमी असेल तर आधी श्रवणचाचणी आणि मग वाचातज्ज्ञांचे मत घ्यावे. पहिल्या देशातले डॉक्टर म्हणतात ‘भाषा बदलली म्हणून’, दुसऱ्या देशातल्या शिक्षिका म्हणतात ‘नुकतीच बदली झाली म्हणून’, तिसऱ्या देशात कोणाकडेच मागचा इतिहास नसतो, आणि ज्या वयात उपचारांचा सर्वाधिक फायदा होतो ते वय निघून जाते. कित्येक मुलांच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. म्हणून प्रत्येक मुलाची एक फाइल आपल्याजवळच असावी: वजन-उंचीचे तक्ते, लसीकरणाच्या नोंदी, प्रत्येक शिक्षिकेचे वर्षअखेरीचे टिपण, आणि दर सहा महिन्यांनी काढलेला, मूल मोकळेपणाने खेळत-बोलत असलेला एक छोटा व्हिडिओ. नव्या तज्ज्ञाला त्या व्हिडिओतून जे कळते ते तासाभराच्या प्रश्नावलीतून कळत नाही. काही पालक नेमणुकीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत मुलाची अडचण लपवतात, कारण चांगली जागा हातची जाईल असे त्यांना वाटते. जिथे मुलाला लागणारा उपचारच उपलब्ध नाही अशा ठिकाणी पोहोचल्यानंतर त्याची भरपाई कशानेही होत नाही. अशा वेळी नेमणूक बदलून मागणे हाच योग्य मार्ग आहे.

आरोग्याच्या बाबी डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात, तरी आपल्या बाळाच्या वयामुळे काही गोष्टी आत्ताच विचारायला हव्यात. गोवराच्या लसीची पहिली मात्रा काही देशांत नवव्या महिन्यात, तर काही देशांत बारा महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि बारा महिन्यांपूर्वीची मात्रा शाळाप्रवेशासाठी मोजली जाईलच असे नाही. पीतज्वराची लस सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांनंतर देतात. तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी असल्याने त्यांच्यातले अंतर निघण्याच्या तारखेपासून मागे मोजून ठरवावे लागते. क्षयावरील बीसीजी लसीची नोंद हाताशी असावी, अन्यथा जिथे ती लस सरसकट देत नाहीत तिथे क्षयाची त्वचाचाचणी सकारात्मक येऊन गोंधळ होतो. हिवतापाच्या प्रदेशात औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि लहान मुलाचे वजन वाढते तशी ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. निवासस्थान मिळाले की पहिल्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात: पोहण्याच्या तलावाला चारही बाजूंनी कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक आहे का, आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांना अटकाव आहे का. बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण जगभर एक ते चार या वयात सर्वाधिक आहे. आपला मुलगा नेमणुकीचा बराचसा काळ याच वयात असेल, आणि मुलगीही सुरुवातीला याच वयात असेल. कार्यालयाच्या गाडीत मुलांचे आसन असेलच असे गृहीत न धरता ते स्वतःचे न्यावे.

मुलांच्या वाढीवर ज्याचा खोल परिणाम होतो, पण ज्याविषयी या सेवेत फार कमी बोलले जाते, तो विषय म्हणजे विशेषाधिकार. १९६१ च्या राजनैतिक संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या ३७व्या कलमाने अधिकाऱ्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही यजमान देशाच्या न्यायालयांपासून संरक्षण मिळते. त्याच कराराचे ४१वे कलम मात्र स्पष्ट सांगते की, हे संरक्षण असले तरी स्थानिक कायद्यांचा आदर करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. आणि ३२व्या कलमानुसार हे संरक्षण काढून घेण्याचा अधिकार व्यक्तीला नाही, तर तिला पाठवणाऱ्या देशाला आहे. चार वर्षांच्या मुलीला कलमे कळणार नाहीत, पण चालक दार उघडतो, रक्षक सलाम करतो आणि रांगेत आपल्याला पुढे नेतात, हे तिला दिसते, आणि ती त्यावरून स्वतःचे स्थान ठरवते. तिने स्वतःची खेळणी स्वतः आवरावीत, घरातील प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव तिला ठाऊक असावे, त्यांना ती हुकूम देत नाही हे पाहिले जावे, आणि आठवड्यातून एकदा तरी तिने आपल्यासोबत सार्वजनिक बागेत किंवा बसमध्ये इतरांसारखे जावे. दूतावासाच्या वसाहतीतील मुलांमध्ये आई-वडिलांच्या हुद्द्यावरून मैत्री ठरू लागली असेल तर त्याची सुरुवात मोठ्यांच्या जेवणाच्या टेबलावरील बोलण्यातून झालेली असते, आणि ती तिथेच थांबवता येते.

आपल्या पत्नीच्या कामाच्या वेळा आपल्या हातात नसतील. पण आठवड्यातल्या काही संध्याकाळी तिने मुलांना झोपवल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, असे आधीच ठरवून तिच्या कार्यालयालाही कळवावे. अनिश्चित अशा अधिक वेळापेक्षा मुलाला खात्रीचा थोडा वेळ अधिक उपयोगी पडतो. आणि आपण स्वतःकडेही पाहावे. सोबत जाणाऱ्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल की नाही, हे बहुधा दोन देशांतील करारावर अवलंबून असते. त्याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. ज्या पालकावर मुलांचा दिवस अवलंबून आहे तोच एकटा आणि खिन्न असेल तर उत्तम शाळा आणि मोठे घर यांचा काही उपयोग होत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की, मी आपल्याला घर लावण्याआधी माणसे शोधायला सांगेन.

या सेवेत नेमणूक अचानकही संपते, हे ध्यानात ठेवूनच व्यवस्था करावी. वर उल्लेखलेल्या व्हिएन्ना कराराच्या ९व्या कलमानुसार यजमान देश कारण न देता कोणालाही परत जायला सांगू शकतो. मार्च २०१८ मध्ये ब्रिटनने २३ रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांना आठवडाभराची मुदत दिली आणि रशियाने तितक्याच ब्रिटिश अधिकाऱ्यांना परत पाठवले. युद्धजन्य स्थितीतही कुटुंबांना बाहेर पडता यावे, अशी तरतूद ४४व्या कलमात आहे, पण तेव्हा निरोपाला वेळ नसतो. पारपत्रे, मुलांची फाइल, आठवड्याची औषधे आणि मुलीचे ते जिवाभावाचे खेळणे एका बॅगेत भरता येईल असे नेहमी जवळ ठेवावे. असा प्रसंग आलाच तर निरोप नंतर घ्यावा: शिक्षिकेला चित्र पाठवणे, मैत्रिणीशी फोनवर बोलणे, राहिलेल्या वस्तूंची यादी करून त्यांच्याविषयी बोलणे. उशिरा घेतलेला निरोपही मुलाला उपयोगी पडतो.

मायदेशी परतणे हे मोठ्यांसाठी घरी येणे असले तरी आपल्या मुलीच्या दृष्टीने ते आणखी एका अनोळखी देशात जाणे असेल, आणि बाळाच्या बाबतीत तर ते शब्दशः खरे असेल. तेव्हाही वर सांगितलेली सारी तयारी करावी. दरवर्षी सुट्टीत एकाच घरी, शक्यतो त्याच नातेवाइकांकडे राहिल्यास ही परतणी बरीच सोपी होते. दर सुट्टीत नवे पर्यटनस्थळ पाहण्यापेक्षा मी त्यालाच प्राधान्य देईन.

प्रत्येक बदलीनंतर काही आठवडे झोप बिघडणे, पुन्हा अंथरूण ओले होणे, चिकटून राहणे, क्षुल्लक कारणावरून रडणे हे सारे अपेक्षित आहे. मात्र दोन महिन्यांनंतरही ते कमी होत नसेल, मुलीने खेळणेच सोडले असेल, आधी येत असलेले शब्द किंवा कौशल्ये बाळ गमावत असेल, अथवा दोघांपैकी कोणी माणसांकडे पाहणे टाळू लागले असेल, तर ‘पुढच्या बदलीनंतर बघू’ असे म्हणू नये. घरची भाषा बोलणाऱ्या बालमानसतज्ज्ञांचा सल्ला आता व्हिडिओवरूनही घेता येतो, आणि शब्द किंवा कौशल्ये मागे जात असतील तर त्याच आठवड्यात तिथल्या बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे.